ताप उतरला, तरी सहा आठवडे दवाखान्यात का?

पत्राचा सारांश : यावल तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती ३४ वर्षांचे असून केळीची शेती करतात. बाराव्या वर्षी त्यांचे सांधे आळीपाळीने सुजून मोठा ताप आला होता. तेव्हा हृदयाची एक झडप गळते असे निदान झाले आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. पुढे लग्नानंतर, काहीच त्रास नसल्यामुळे, ते बंद पडले. यंदा किडलेली दाढ काढल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम आणि अंगाला थकवा सुरू झाला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉईड सांगितला आणि तीन वेळा सलाईनमधून औषधे दिली. प्रत्येक वेळी ताप उतरला आणि पाच-सहा दिवसांत परत आला. अखेर जळगावच्या एका दवाखान्यात एको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर झडपेवर जंतूंचा थर दिसला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, मात्र कोणताच जंतू वाढला नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने सांगितली आहेत. आज १४ दिवस झाले, ताप गेला आहे, जेवण सुधारले आहे. घरच्यांचे म्हणणे, आता घरी आणा: केळीची कापणी आहे, खर्च वाढतो आहे आणि श्रावणात घरी कानबाई देवी बसणार आहे. दीर म्हणतात, इंजेक्शन तर गावातही मिळते. सासऱ्यांना वाटते, खराब रक्त बदलून घेतले की काम होईल. जाऊबाईंनी त्यांची भांडी आतापासून वेगळी काढून ठेवली आहेत. दाढ काढण्याचा आग्रह भगिनींचाच होता, म्हणून सासूबाई त्यांना बोल लावतात. पती स्वतः सही करून निघायच्या विचारात आहेत. ‘सगळ्यांविरुद्ध उभी राहून मी हट्ट करते आहे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

आधी उत्तर सांगते, कारणे मागून येतील. तुमच्या यजमानांनी सही करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, घरी येऊ नये. मात्र उरलेले उपचार दवाखान्याबाहेर राहून सुरक्षितपणे पूर्ण करण्याचा एखादा मार्ग आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हा सर्वांना हक्क आहे, आणि चौदाव्या दिवशी तो प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे. तुमच्या घरात वाद ‘दवाखाना की घर’ असा होऊन बसला आहे. मला खरा प्रश्न वेगळा दिसतो: योग्य औषध, योग्य मात्रेत, पूर्ण मुदतीपर्यंत, एकही दिवस न चुकता आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली त्यांच्या रक्तात कसे पोहोचेल? हे जिथे होईल ती जागा बरोबर, आणि जिथे होणार नाही ती जागा कितीही जवळची असली तरी चुकीची.

ताप गेला म्हणजे आजार गेला, हे या सगळ्या बोलण्यामागचे गृहीत आहे, आणि बहुतेक तापांच्या बाबतीत ते खरेही असते. या आजारात ते खरे नाही. हृदयाची झडप पातळ असते आणि तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. झडप गळत असेल तर रक्ताची जोरदार धार उलटी फिरते आणि आतल्या गुळगुळीत अस्तराला खरचटत राहते. तिथे रक्तातल्या बिंबिकांचा (प्लेटलेट्सचा) आणि तंतूंचा बारीक थर धरतो. एरवी रक्तात अधूनमधून शिरणारे जंतू काही वेळात नाहीसे होतात, पण असा खरबरीत थर सापडला की ते तिथे चिकटतात, वाढतात आणि त्यांच्यावर पुन्हा थर चढतो. डॉक्टरांनी एकोमध्ये पाहिले ते हेच, आणि या आजाराचे नाव एन्डोकार्डायटिस. त्या थरात आपल्या पांढऱ्या पेशी शिरू शकत नाहीत. आत खोलवर बसलेले जंतू अतिशय संथपणे वाढतात, आणि वाढत्या जंतूंना मारणारी बरीचशी औषधे संथ जंतूंवर संथपणेच चालतात.

तुमची केळी ठिबकवर असेल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, आत बुळबुळीत थर धरला की नुसती नळी फ्लश केल्यावर टोकाला पाणी स्वच्छ येते, पण थर जागचा हलत नाही आणि थोड्या दिवसांत ड्रिपर पुन्हा चोंदतात. म्हणून क्लोरीनचे पाणी ठरलेल्या प्रमाणात भरून ठरलेला वेळ नळीत ठेवावे लागते. गावात तीन वेळा लावलेल्या सलाईनने जे झाले ते नुसते फ्लश होते. वाहत्या रक्तातले जंतू मेले, ताप उतरला, औषध थांबले आणि थरातले जंतू पुन्हा रक्तात सुटले. तुमच्या घरच्यांना पुरावा हवा असेल तर तो त्यांच्याकडेच आहे: ताप तीनदा उतरला आणि तीनदा परत आला.

वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट अशीच, ठेच खाऊन कळली. नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या आजारावर व्याख्याने दिली तेव्हा आजार ओळखता येत होता, पण त्यावर उपचार नव्हता, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ तो झालेला रुग्ण जवळजवळ नेहमीच दगावत असे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. सुरुवातीला ते थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस दिले गेले, तेव्हा रुग्णांचा ताप उतरून पुन्हा उलटत असे. मात्रा वाढवली, मुदत आठवड्यांमध्ये नेली, तेव्हा कुठे माणसे कायमची बरी होऊ लागली. आज जंतू कोणता आणि झडप स्वतःची की कृत्रिम, यावरून मुदत ठरते. स्वतःच्या झडपेवर साध्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग असेल तर बहुधा चार आठवडे लागतात, काही निवडक रुग्णांत त्याहून कमी; जंतू चिवट असेल किंवा कोणता हे कळलेच नसेल तर चार ते सहा. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे बिल वाढवण्यासाठी शोधलेले नाहीत.

तुमच्या यजमानांचे कल्चर कोरे का आले, याचा विचार इतर वाचकांनीही करावा म्हणून त्यावर थोडे थांबते. कल्चर कोरे म्हणजे रक्तात जंतू नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याकडे असे होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे रक्त घेण्याआधीच सुरू झालेले अँटिबायोटिक. औषधाने अर्धमेले झालेले जंतू प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढत नाहीत, पण झडपेवर जिवंत असतात. म्हणून ज्याची झडप खराब आहे अशा माणसाला काही दिवस टिकणारा आणि कारण न सापडणारा ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला थेंब शरीरात जाण्यापूर्वी वेगवेगळ्या शिरांतून, सहसा तीन वेळा, कल्चरसाठी रक्त घ्यावे लागते. गावातल्या डॉक्टरांवर राग काढण्यात आता अर्थ नाही. आपल्या भागात टायफॉईड खरोखरच आढळतो आणि पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची रीघ लागलेली असते. परंतु विडाल तपासणी एकदा ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे टायफॉईडच, असे मानणे धोक्याचे आहे. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, तरीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

जंतू न कळल्याचे परिणाम दोन. एक म्हणजे डॉक्टरांना अनेक शक्यतांना पुरतील अशी औषधे एकत्र द्यावी लागतात. त्यांत बहुधा जेन्टामायसिनसारखे औषध असते, ज्याचा मूत्रपिंडावर आणि कानावर परिणाम होऊ शकतो. म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि कानात आवाज येणे, कमी ऐकू येणे किंवा चालताना तोल जाणे असे काही जाणवले तर त्याच दिवशी सांगावे लागते. दुसरे असे की, काही जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत किंवा फार सावकाश वाढतात, आणि त्यांतले काही जनावरांकडून येतात. तुमच्या गोठ्यात गायी-म्हशी किंवा शेळ्या असतील, एखादे जनावर गाभडले असेल, त्याची वार यजमानांनी हाताने काढली असेल किंवा घरात कच्चे दूध पिण्याची सवय असेल, तर हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ब्रुसेला आणि क्यू फीवर या आजारांसाठी रक्ताची वेगळी तपासणी असते आणि त्यांचे उपचारही वेगळे आणि लांबलचक असतात. शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो.

आता दाढेविषयी. तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तेच होते. किडलेली, पू धरलेली दाढ काढून घ्यायचा आग्रह तुम्ही धरलात तो बरोबर होता. दाढ काढताना तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात जातात हे खरे, परंतु हिरड्या सुजलेल्या असतील तर रोज घास चावताना आणि दात घासतानाही ते जातात, आणि वर्षभराची बेरीज केली तर एका दिवसाच्या दाढेपेक्षा हे रोजचे जाणे कितीतरी मोठे भरते. ती दाढ तोंडात ठेवली असती तर धोका वाढलाच असता. दाढ काढण्यापूर्वी अँटिबायोटिक दिले असते तर टळले असते का, असेही तुमच्या मनात येत असेल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये याविषयीचे नियम बदलले, आणि तेव्हापासून असा डोस केवळ सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांसाठी सुचवला जातो: कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एन्डोकार्डायटिस होऊन गेलेले आणि काही प्रकारचे जन्मजात हृदयविकार असलेले. नुसती गळणारी स्वतःची झडप त्या यादीत नाही. म्हणजे जो डोस देण्याबाबत जाणत्या डॉक्टरांचेही एकमत नाही, तो न दिल्याचा दोष तुम्ही स्वतःकडे का घ्यावा?

तसाच दोष यजमान २१ दिवसांच्या इंजेक्शनबद्दल स्वतःला देत असतील, तर तोही नीट पाहायला हवा. ते इंजेक्शन झडपेवर जंतू बसू नयेत म्हणून नसते. लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते, त्याला रुमॅटिक ताप म्हणतात, आणि तो पुन्हा येऊन झडप आणखी खराब होऊ नये यासाठी ते पेनिसिलिन असते. ते बंद केल्यामुळे हा संसर्ग झाला असे थेट म्हणता येणार नाही. तरी ते बंद करायला नको होते. झडपेत दोष कायम राहिलेला असेल तर ते साधारणपणे वयाच्या चाळिशीपर्यंत, काहींना त्यापुढेही, घ्यावे लागते, आणि ‘त्रास नाही’ हे ते थांबवण्याचे कारण नसून ते चालू असल्याचा परिणाम असू शकतो. पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी लिहून घ्या.

सासऱ्यांना आणि जाऊबाईंना मात्र थोडक्यात उत्तर देता येईल. रक्त बदलून किंवा चढवून हा आजार जात नाही, कारण जंतूंचा तळ रक्तात नसून झडपेवर आहे. नवे रक्तही त्याच झडपेवरून वाहणार. रक्तशुद्धीच्या काढ्यांचेही तसेच, शिवाय जेन्टामायसिन चालू असताना मूत्रपिंडाला न कळत इजा करणारे कोणतेही औषध पोटात जाऊ नये. आणि हा आजार शिंकण्याने, खाण्यापिण्याने, एका ताटात जेवल्याने किंवा नवरा-बायकोच्या सहवासाने कोणालाही होत नाही. ‘रक्तात जंतू’ हे शब्द ऐकले की लोकांना दुसऱ्याच आजारांची भीती वाटते, हे मी समजू शकते. पण वेगळी काढलेली भांडी पुन्हा मांडणीवर ठेवायला जाऊबाईंना प्रेमाने सांगा. अशक्त होऊन घरी परतलेल्या माणसाला त्या वेगळ्या ताटाचे जितके लागते, तितके सुईचेही लागत नाही.

आता मार्गांचा विचार करू. झडपेवरच्या थराचा तुकडा सुटून मेंदूत किंवा प्लीहेत जाण्याचा धोका औषध सुरू होण्यापूर्वी आणि पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, नंतर तो बराच कमी होतो. तो टप्पा तुमच्या यजमानांनी पार केला आहे, आणि म्हणूनच घरच्यांचे म्हणणे मी सरसकट खोडून काढत नाही. जगभर अनेक स्थिर रुग्णांना दोन आठवड्यांनंतर घरी सोडून रोज इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. त्यासाठी काही गोष्टी जुळाव्या लागतात: दम लागत नसावा, ताप पूर्ण गेलेला असावा, पुन्हा केलेल्या एकोमध्ये थर वाढलेला नसावा आणि झडपेजवळ पू झालेला नसावा, घरापासून दवाखाना जवळ असावा, आणि औषध असे असावे की ते दिवसातून एकदा देता येईल. दिरांच्या सूचनेची अडचण नेमकी इथे येते. सेफ्ट्रियाक्सोनसारखे औषध दिवसातून एकदा चालते, पण जंतू न कळलेल्या रुग्णाला बऱ्याचदा ॲम्पिसिलिनसारखी औषधे दर चार-सहा तासांनी द्यावी लागतात, रात्री दोन वाजतासुद्धा. शेतावरून येताना संध्याकाळी दंडात एक सुई टोचून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. म्हणून उद्याच्या राऊंडला पहिला प्रश्न हा विचारा की, कोणती औषधे चालू आहेत, ती दिवसातून किती वेळा आहेत, आणि दिवसातून एकदाच्या औषधावर येणे यांच्या बाबतीत शक्य आहे का. डॉक्टर हो म्हणाले, तर गावातल्या खासगी दवाखान्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचा विचार करा, जळगावच्या डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा, शेवटची तारीख आणि दर आठवड्याच्या रक्ततपासण्या लिहून घ्या, आणि ग्रामीण रुग्णालयात रविवारीसुद्धा इंजेक्शन मिळेल याची आधी खात्री करून मगच निघा.

गोळ्यांवर सोडता येईल का, असेही कोणी विचारेल. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात किमान दहा दिवस शिरेतून औषध घेतलेल्या, स्थिर झालेल्या निम्म्या रुग्णांना पुढे दोन-दोन अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, आणि त्यांची प्रगती इतरांपेक्षा वाईट नव्हती. ही आशेची गोष्ट आहे. परंतु त्या रुग्णांचा जंतू कल्चरमध्ये सापडलेला होता आणि कोणत्या गोळ्या त्याला मारतील हे माहीत होते. घरी गेल्यावरही ते आठवड्यातून दोन-तीनदा तपासले जात होते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत जंतूच अज्ञात असल्याने मी या मार्गावर भिस्त ठेवणार नाही. ज्यांचे कल्चर कोरे नाही अशा वाचकांनी मात्र हा प्रश्न आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारावा.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर घाबरून पळू नका. औषधे चालू असूनही हृदय थकू लागले, ताप जाईना किंवा थर मोठा असून त्याचे तुकडे सुटू लागले, तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता झडप दुरुस्त करावी किंवा बदलावी लागते, आणि अशा वेळी उशीर हाच खरा धोका असतो. ‘तशी वेळ येऊ शकते का, आणि आली तर कुठे पाठवाल?’ हे आताच विचारून ठेवलेले बरे.

खर्चाची चिंता खरी आहे, ती मी हलकी लेखत नाही. घरचा कर्ता माणूस खाटेवर असताना दोन्हीकडून पैसा जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेत सामील असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथे जा, आणि हा आजार व गरज पडल्यास झडपेची शस्त्रक्रिया योजनेत कशी बसते ते विचारा. सध्याचा दवाखाना योजनेत नसेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उरलेले आठवडे पूर्ण करता येतील का, हे आताच्या डॉक्टरांनाच विचारा आणि त्यांच्या पत्रासह, औषधात एका दिवसाचाही खंड न पडता हलवा. पैशासाठी दवाखाना बदलणे यात कमीपणा नाही. उपचार अर्धवट सोडणे हे मात्र महागात पडते, कारण आजार उलटला की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात होते आणि मधल्या काळात झडप आणखी कुरतडली गेलेली असते.

यजमानांशी बोलताना त्यांना भीती घालू नका. दोन आठवडे खाटेवर काढलेल्या, ताप उतरलेल्या, कामाची सवय असलेल्या माणसाला तिथे पडून राहणे शिक्षेसारखे वाटणारच. त्यांना कॅलेंडरवर शेवटच्या इंजेक्शनची तारीख दाखवा, डॉक्टरांच्या परवानगीने वॉर्डात फिरू द्या, आणि कापणीचे हिशोब फोनवरून त्यांच्याच हाती राहू द्या. दिरांनाही एकदा डॉक्टरांसमोर बसवा आणि एकोमधला तो थर दाखवायला सांगा. तुमच्या तोंडून दहा वेळा ऐकलेले ते डॉक्टरांकडून एकदा ऐकतील, आणि मग घरात बोलण्याचे ओझे तुमच्या एकटीवर राहणार नाही. कानबाईचे म्हणाल, तर सासूबाईंची श्रद्धा मोडायचे कारण नाही. भाऊबंद जमतील, नैवेद्याचे रोट होतील, त्यात मुलगा नाही याचे दुःख त्यांना होईल. पण त्याच्या नावाचे रोट करता येतात. आणि डॉक्टरांनी एखाद्या दिवसाची रजा देण्याजोगी स्थिती आहे असे ठरवले, तर दोन डोसांच्या मध्ये जाऊन येण्याचाही विचार होऊ शकेल. ते मात्र डॉक्टरांनी ठरवावे, घरच्या बैठकीत ठरू नये.

दवाखान्यात असताना किंवा नंतर घरी, अचानक हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, आडवे पडल्यावर दम लागणे, पायावर सूज येणे, डाव्या बरगडीखाली एकाएकी दुखणे, लघवीतून रक्त जाणे किंवा एखादा पाय थंड आणि पांढरा पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. लकव्याची लक्षणे असतील तर जिथे न्याल तिथे पहिल्याच वाक्यात ‘झडपेवर जंतूसंसर्ग आहे’ असे सांगा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवण्यासाठी देतात ते इंजेक्शन अशा रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव घडवू शकते.

उपचार संपल्यावर यजमान ‘सर्वाधिक जोखीम’ असलेल्या गटात मोडतील, आणि तेव्हापासून घरात एक नियम पक्का करा: ताप आला आणि तो टिकला, तर आधी कल्चरसाठी रक्त, मग अँटिबायोटिक, आणि पहिल्या काही महिन्यांत तर हा नियम अजिबात मोडू नका. दाताची किंवा हिरडीची कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी दंतवैद्यांना हा आजार सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर मोठ्या माणसाला प्रक्रियेच्या अर्ध्या ते एक तास आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एक डोस देतात. शक्यतो दवाखान्यातून निघण्यापूर्वीच दातांची तपासणी करून घ्या. तंबाखू आणि मशेरी सोडल्याशिवाय हिरड्या सुधारणार नाहीत. बागेत कोयता लागला, पायात काही घुसले किंवा गळू झाले, तर ते दाबत बसू नका, लगेच स्वच्छ करून दाखवा, कारण त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस हा जंतू झडपेवर बसला तर आजार काही दिवसांतच उग्र होतो. आणि एका कागदावर झडपेचा आजार, एन्डोकार्डायटिस झाल्याचे वर्ष आणि घेतलेल्या औषधांची नावे लिहून तो त्यांच्या पाकिटात ठेवा, म्हणजे नवा डॉक्टर अंदाजाने औषध देणार नाही.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत अशा सर्व वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. रुमॅटिक ताप बहुतेक पाच ते पंधरा या वयात येतो. मुलाचा घसा खूप दुखत असेल, ताप असेल, गळ्यात गाठी आल्या असतील आणि सोबत सर्दी-खोकला नसेल, तर ते थंड खाल्ल्यामुळे झाले असे म्हणून सोडू नका. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने पुढचा आजार टळतो. त्यानंतर काही आठवड्यांनी एक सांधा सुजून बरा झाला आणि दुसरा धरला, तर हृदयाची तपासणी मागून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या तपासणीत झडपांचा हा आजारही पाहिला जातो. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका, शाळेत पाठवा.